पर्याय काढून घेतल्यावर

परसोड्याहून रेल्वेने येणारी बी.ए.ची एक मुलगी कहूट या मोबाइलवरच्या प्रश्नमंजुषेत कायम पहिली. लाल त्रिकोण, निळी चौकट, पिवळा गोल, हिरवा चौरस. पडद्यावर चार पर्याय उमटले की तिचं बोट नेमकं पडायचं. 'रिलक्टंट', म्हणजे नाखूष, हा तर तिचा हुकमी शब्द. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत मी तिला विचारलं, वडील सध्या कांदा मोंढ्यात का आणत नाहीत? चाळ, भाव, लिलाव, हमाली, सगळं तिला पाठ. "माय फादर... नो मार्केट," एवढं बोलून ती थांबली. मला हवा होता तोच शब्द तिला येत होता, पण समोर चार पर्याय नव्हते.

तेव्हापासून मी या एकाच गोष्टीच्या मागे लागलो आहे. ओळखीचा शब्द जिभेवर कसा आणायचा? कहूटमध्ये चटकन उत्तर दिलं तर हजारापर्यंत गुण, शेवटच्या क्षणी दिलं तर निम्मे; म्हणजे बक्षीस वेगाला. म्हणून पर्यायच काढले, शब्द टाइप करायला लावला. वाचलेलं पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवलेलं जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये प्रयोगांतून दाखवलं. माझा अनुभवही तोच. पण टाइप केलेला शब्दही बोटांतच राहतो. आता मोंढ्यातल्या लिलावावर व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप मागवतो. मुलं आधी लिहून काढतात आणि वाचून दाखवतात. वाचल्याचा सूर लगेच कळतो.

शहरातले स्पोकन इंग्लिशचे क्लास वाक्यं घोकून घेतात; मुलाखतीत दुसराच प्रश्न आला की ती वाक्यं निरुपयोगी. मोबाइललाच दोष देणारे सहकारीही मला पटत नाहीत. घरी शब्दकोश नसलेल्या मुलाला उच्चार ऐकवणारं दुसरं काय आहे?

मात्र कहूटचा गोंगाट मला आवडतो, हे खरं. तो प्राचार्यांच्या खोलीपर्यंत जातो, शेजारच्या वर्गातली मुलं डोकावतात, आणि आपण चांगले शिक्षक आहोत असं वाटतं. पर्याय काढले की वर्ग शांत होतो, मुलं अडखळतात, माझी छाप पडत नाही. तरी शिकणं त्या अडखळण्यातच होतं, असं माझं ठाम मत आहे. त्या मुलीच्या परवाच्या निरोपात 'बिड' आणि 'लॉट' सहज आले. 'रिलक्टंट' अजून आलेला नाही; तो मी तिला पुन्हा विचारणार आहे, समोरासमोर.