फळीवरचा व्यायाम

फरीदाबादच्या कारखान्यांत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत मोठी खरेदी सहसा एकट्याने ठरत नाही. बैठकीच्या खोलीत येणारी वस्तू आजीपासून नातवापर्यंत सर्वांच्या उपयोगी पडावी, अशी अपेक्षा असते.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने नेमके हेच हेरले. शिगेरू मियामोतो यांना नेमाने वजन करण्याची सवय जडली आणि त्यातून ‘वी फिट’ हा व्यायामाचा खेळ सुचला. २००७ मध्ये जपानात आलेल्या या खेळासोबत पायांखाली ठेवायची एक फळी मिळे. तिच्यातील चार संवेदक शरीराचा तोल टिपत. पुढे त्याच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या.

२००८ मध्ये अमेरिकेत त्याची किंमत सुमारे ९० डॉलर होती. व्यायामशाळेच्या वर्गणीपुढे ती अल्पच वाटे. पण २५० डॉलरांचे मूळ यंत्र आधी घ्यावे लागे! तेव्हाच्या दराने ही बेरीज १४,००० रुपयांच्या घरात जाते. फरीदाबादच्या गृहिणीने ती मांडली असती, तर मुलांच्या शाळेचे शुल्क तिला प्रथम आठवले असते. पहाटे बागेत फिरण्यास तर काहीच पडत नाही. शिवाय, त्या फळीवर किती दिवस कोण उभे राहणार, हे तिने विक्रेत्याला विचारलेच असते.