बेचाळीस दिवस आणि त्यानंतर

सरकारी कागदावर दिवस ठरलेले आहेत : तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताईने या दिवशी जायचं. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. 2011 पासून देशभर हे चालू आहे. बाळंतिणीच्या मनाची विचारपूस कोण करणार, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. तिच्या उंबऱ्यापर्यंत पोचणारी बाई आपल्याकडे आधीपासून आहे.

*

या भेटींचं मूळ गडचिरोलीत. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. 39 गावांतल्या या कामाचा निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला : नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी. बाळाचा जीव वाचवणं गावातल्या बाईला जमलं. आईच्या मनापाशी बसणंही तिला जमेल, असा माझा विश्वास आहे, आणि त्याला आधार आहे. पुढची टिपणं त्याचीच.

*

आशाताईच्या भेटीचा छापील फॉर्म पाहिला तर बाळासाठी रकानेच रकाने : वजन, ताप, बेंबी, डोळे, दूध ओढतं का. आईला विचारायचं ते असं : दिवसातून किती वेळा पोटभर जेवलात, पॅड किती बदलले, ताप आहे का, स्तनांना भेगा आहेत का. मनाच्या जवळ जाणारा प्रश्न एकच, आई असंबद्ध बोलते का किंवा तिला झटके येतात का. म्हणजे बाई पार भ्रमात गेली तरच कागदावर येणार. जी गप्प बसून रडते, जिला कशातच करमत नाही, बाळ झोपलं तरी जिचा डोळा लागत नाही, तिच्यासाठी रकाना नाही.

*

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येणं, चिडचिड होणं अनेकींना होतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही उदासी हटली नाही, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. चौदाव्या आणि एकविसाव्या दिवसाची भेट नेमकी इथे कामाची.

*

गोवा, म्हापसा. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींची पाहणी केली. ती 2002 मध्ये प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर सहा-आठ आठवड्यांनी तपासलेल्या 252 जणींपैकी 59 जणी नैराश्यात होत्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. कारणांत गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं ठळक. मुलगा झाला की मुलगी, त्यानुसार मारहाणीसारख्या कारणांचा परिणाम कमी-जास्त होत होता. या आजारी बायकांपैकी 78 टक्के गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या. म्हणून भेट बाळ जन्मल्यावर सुरू करणं म्हणजे उशीर करणं.

*

रावळपिंडीच्या आसपासची गावं. डॉ. अतिफ रहमान यांनी पाकिस्तान सरकारच्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. या शाळा पूर्ण केलेल्या बायका; मानसिक आरोग्याचा अनुभव नाही. त्यांनी नैराश्यात असलेल्या गरोदर बायकांच्या घरी एकूण 16 भेटी दिल्या : शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला, बाळंतपणानंतरच्या महिन्यात तीन, पुढे महिन्याला एक. ‘माझ्याच नशिबी हे’ असले विचार ओळखायचे, त्यांच्या जागी पेलतील असे विचार आणायचे, आणि एखादी छोटी गोष्ट करून बघायची. सहा महिन्यांनी या बायकांपैकी 23 टक्के अजून नैराश्यात होत्या. नुसत्या नेहमीच्या भेटी मिळालेल्यांत हे प्रमाण 53 टक्के. बाळांना जुलाबही कमी झाले, लसीकरण वाढलं. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीची पुस्तिका काढली.

*

रावळपिंडीच्या या कामातलं शहाणपण मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या सुनेला नैराश्य आहे, असं सांगत कुणी घरात शिरलं नाही. बाळ चांगलं वाढावं, हा घरातल्या सगळ्यांना मान्य असलेला विषय धरला आणि सासू, नवरा सगळ्यांना त्यात घेतलं. आपल्याकडेही आईशी एकटीने बोलायचं म्हटलं, तर ‘बाळंतीण एकटी का बसवता?’ म्हणून दार अडणार. बाळाचं वजन करता करता आईला चार शब्द बोलता आले पाहिजेत.

*

पुढे गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने हेच काम शेजारपाजारच्या अनुभवी बायकांकडून करून घेतलं. त्या झाल्या ‘सखी’. सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्या बायका त्यांच्या गटात जास्त निघाल्या.

*

पहिलं बाळंतपण माहेरी. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, आईचा हात. मग लेक बाळ घेऊन सासरी येते आणि खरी परीक्षा सुरू होते. बेचाळीस दिवसांची यादी तोवर संपलेली असते. आशाताईच्या पुढच्या, 2018 पासून सुरू झालेल्या भेटी बाळाच्या तिसऱ्या महिन्यापासून. मधले सहा-सात आठवडे मोकळे, आणि म्हापशाच्या बायका नेमक्या याच वेळी नैराश्यात सापडल्या होत्या. माहेरच्या आशाताईने सासरच्या आशाताईला फोन करावा, एवढी तरी सोय हवीच.

*

हजारात एखाद-दुसऱ्या बाळंतिणीला भ्रम होतात, भलतंच दिसतं, ऐकू येतं. बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत. हे बाहेरचं, लागीर म्हणून अंगारा लावत बसू नये; त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बंगळूरच्या निम्हान्समध्ये 2009 पासून आई-बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, बाळाला धोका नसेल तर तीन वर्षांखालचं मूल उपचार घेणाऱ्या आईपासून तोडता येत नाही.

*

सहाही भेटी पूर्ण झाल्या की आशाताईला मिळतात 250 रुपये. भेटीमागे बेचाळीससुद्धा नाहीत. मनाचं काम वेळ मागतं. ते याच पैशांत तिच्या गळ्यात टाकणं अन्याय ठरेल. वेगळा मोबदला हवा, तिला स्वतःला विचारायला महिन्यातून एकदा जाणतं माणूस हवं, आणि बाई पाठवायची तर तालुक्याला डॉक्टर हवा.

*

हे होईल तेव्हा होईल. तोवर बाळ बघायला जाल तेव्हा झबलं देण्याआधी तिच्याजवळ बसा. झोप लागते का, जेवण जातं का, जीव नकोसा वाटतो का, विचारा. असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात वाईट विचार शिरत नाही. उत्तर ऐकून काळजी वाटली तर 14416 हा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत क्रमांक आहे. तो तिला देऊन थांबू नका, तिच्याशेजारी बसून लावा.