आमच्या विहिरीचा जमाखर्च

आमच्या घरांत गेल्या कांहीं वर्षांत सर्वांत कडाक्याचा वाद झाला तो दागिन्यावरून नव्हे, मुलीच्या स्थळावरूनहि नव्हे. तो झाला पाण्याच्या पंपावरून. सातारा जिल्ह्यांत माण-खटावच्या बाजूस आमची सात एकर जमीन आहे. तीन बिऱ्हाडें, एक चूल आणि एक विहीर, तीहि अर्धीच. उरलेला अर्धा हिस्सा शेजारच्या काकूंचा. एक दिवस पाणी त्यांचें, एक दिवस आमचें, ही पाळी आजोबांच्या वेळेपासून चालत आलेली.

विजेच्या मोटरीस वीज बहुधा रात्रीं मिळे. मध्यरात्रीं उठून, हातांत बॅटरी घेऊन, साप-विंचवाचें भय बाळगीत दारें धरावयास जाणें हें आमच्या घरांतील पुरुषांच्या नशिबीं कायमचें लिहिलेलें होतें. केंद्र सरकारनें २०१९ सालीं कुसुम योजना काढली आणि २०२४ सालीं राज्य सरकारनें मागेल त्याला सौर कृषी पंप देऊं केला, तेव्हां आमच्या थोरल्या बंधूंस, म्हणजे दादांस, किती आनंद झाला हें सांगावयास नकोच. किंमतीचा दहावा हिस्सा शेतकऱ्यानें भरावयाचा, अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यानें विसावा. जमीन अडीच एकरांपर्यंत असल्यास तीन अश्वशक्तीचा पंप, पांच एकरांपर्यंत पांचाचा आणि त्याहून अधिक असल्यास साडेसाताचा. दादांनीं अर्थातच साडेसाताचा अर्ज लिहून ठेवला. "ऊन फुकटचें आहे, मोठा मिळत असतां लहान कां घ्यायचा?" हा त्यांचा बिनतोड सवाल. त्यांच्या मनांत ऊंस होता.

त्याच संध्याकाळीं काकू ओट्यावर येऊन टेंकल्या. म्हणाल्या, "बसवा हो यंत्र, दादा. पण तुमच्या पाळीला विहीर तळाला गेली, तर दुसऱ्या दिवशीं मी कशाची पाळी धरूं?" दादा हंसले. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं.

याचें कारण आमच्या परसांतच होतें. वडिलांनीं हौसेनें तेथें दोन घनमीटरचा गोबरगॅस बांधला. त्यास रोज पन्नास किलो शेण लागे. त्या वेळीं गोठ्यांत पांच-सहा जनावरें होतीं. पुढें तीनच राहिलीं आणि शेगडीचा जाळ दुपारच्या भातासहि पुरेना. आज त्या टांकीवर भोपळ्याचा वेल सुखानें पसरला आहे. टांकी आधीं बांधली, शेणाचा विचार मागाहून केला. पाण्याच्या बाबतींत तसें होऊं देण्याची आमची तयारी नव्हती.

म्हणून २०२५ च्या चैत्रांत, काकूंच्या संमतीनें, एक दिवस-रात्र उपसा बंद ठेवला. दोरीस दगड बांधून फुटाफुटावर गांठी मारल्या आणि ती विहिरींत सोडली. विहीर वीस फूट व्यासाची. म्हणजे एक फूट पाणी सुमारें ८,९०० लिटर. चोवीस तासांत पाणी पांच फूट चढलें. सुमारें ४४,००० लिटर! ही उन्हाळ्यांतील तिची रोजची कमाई. त्यावरचें जें कांहीं उपसावें, तें मुद्दल.

आतां खर्चाची बाजू. यंत्रांत निम्मी शक्ति वायां जाते असें धरलें, तरी दहा हजार लिटर पाणी साठ फूट चढविण्यास एक युनिट वीज पुरते. विहिरीच्या साऱ्या कमाईस साडेचार युनिटें बस्स झालीं. तीन अश्वशक्तीच्या लहान पंपाबरोबर येणारे ३,००० वॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हांत दिवसास बारा युनिटें सहज देतात. दादांचा साडेसाताचा पंप तीस युनिटांवर जाता आणि दिवसाकाठीं तीन लाख लिटर मागता. विहिरींत ४४,००० आणि यंत्राची तहान तीन लाखांची!

पुढचा आंकडा मांडतांना आम्हांसच वाईट वाटलें. भर उन्हाळ्यांत पिकास दिवसाला सहा मिलिमीटर पाणी धरलें, तर एकरास २४,००० लिटर लागतात. आमच्या वांट्याला येतात २२,०००. म्हणजे पुरता एक एकरहि नाहीं. दादांनीं ती वही दोनदां वाचली, मिटली, आणि दोन दिवस आमच्याशीं भाषण केलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं स्वतःच तीन अश्वशक्तीचा अर्ज भरला. पात्रतेपेक्षां लहान पंप मागतां येतो. ऊंस राहिला. पाऊण एकर भाजी व वैरण ठिबकावर, बाकी रानांत रब्बीचा शाळू, असें ठरलें.

एवढ्या पंपावर दोन्ही घरांचें भागतें, म्हणून काकूंनीं आपला वांटा भरला. पण पाळीचा नवाच पेंच निघाला. रात्रीची वीज तासांवर मोजतां येई; उन्हाचा तास सारखा नसतो. दहा ते तीनचें ऊन निराळें, सकाळचें निराळें, आणि ज्याच्या पाळीस आभाळ भरून आलें त्यानें काय करावें? शेवटीं दिवसांची पाळी मोडली व नळावर मीटर बसविला. रोज २२,००० लिटर त्यांचे, तितकेच आमचे. आभाळ आलें तर जें निघेल त्याचे अर्धे अर्धे. आंकडे काकूंची नात लिहिते, आणि तिच्या वहींत खाडाखोड नसते. घरच्या व गुरांच्या पाण्यासाठीं उंचवट्यावर दहा हजार लिटरची टांकी बांधली. दुपारीं ती भरली कीं रात्रीं पंपाची गरज पडत नाहीं, आणि बॅटरीचा खर्च वांचला तो वेगळाच.

वेलाखालच्या गोबरगॅसचा प्रश्न अजून सुटावयाचा आहे. तीन जनावरांचें तीस किलो शेण मिळतें आणि एक घनमीटरच्या टांकीस पंचवीस पुरतें, असा हिशेब आम्हीं परवां मोठ्या ऐटीनें वहिनींपुढें ठेवला. त्यांनीं तो शांतपणें ऐकून घेतला व विचारलें, "रोज सकाळीं शेण कालवणार कोण, तें या वहींत कुठें लिहिलंय भावजी?"

तो रकाना अद्याप कोराच आहे.