दगडफूल आणि शीळकरी कस्तूर

दगडफूल आणि शीळकरी कस्तूर हे दोघेही सह्याद्रीचे रहिवासी. एक झाडाच्या सालीवर, खडकावर वाढते. दुसरा पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळ घालतो.

शीळकरी कस्तूर म्हणजे मायोफोनस हॉर्सफिल्डी. निकोलस व्हिगर्स यांनी १८३१ साली या जातीचे वर्णन केले. प्राणिसृष्टी, पक्षिवर्ग, पॅसेरिफॉर्मिस गण एवढे ठरलेले होते. कुळ मात्र बदलले. पूर्वी कस्तुरांच्या टर्डिडी कुळात गणलेला हा पक्षी डीएनएच्या अभ्यासानंतर मस्किकॅपिडी या माशीमारांच्या कुळात आला.

दगडफूल हे शैवाक, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेन्डनर यांनी १८६०च्या दशकात हे मांडले, तेव्हा अनेक शैवाकतज्ज्ञांना ते पटले नाही. आज नामकरणाच्या नियमानुसार शैवाकाचे नाव त्यातल्या बुरशीचे मानतात. त्यामुळे दगडफूल, म्हणजे पार्मोट्रेमा पर्लाटम, कवकसृष्टीत, पार्मेलिएसी कुळात बसते आणि त्यातल्या हिरव्या शैवालाला वेगळे नाव मिळते. उत्क्रांतीच्या वंशवृक्षात कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहेत. म्हणजे दगडफुलातली बुरशी तिच्यासोबत राहणाऱ्या हिरव्या शैवालापेक्षा कस्तुराची जवळची नातलग ठरते.

ओळख पटवण्याचे कसबही वेगळे. कस्तूर न दिसताही शिळेवरून नोंदवता येतो. दगडफुलासाठी नमुना हाती घ्यावा लागतो, भिंगाखाली कडेचे केस व भुकटीसारखे कण पाहावे लागतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबाने रंग बदलतो का ते तपासावे लागते.

संवर्धनातली तफावत याच कसबातून येते. जगातल्या सुमारे ११,००० पक्षीजातींचे आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीसाठी मूल्यांकन झाले आहे आणि शीळकरी कस्तूर ‘किमान चिंता’ गटात आहे. शैवाकांच्या सुमारे २०,००० ज्ञात जाती आहेत, पण एरिओडर्मा पेडिसेलाटम आणि क्लाडोनिया परफोराटा ही पहिली शैवाके या यादीत आली ती २००३ साली. बहुसंख्य जातींचे मूल्यांकन अजून व्हायचे आहे. मूल्यांकन नसणे म्हणजे धोका नसणे नव्हे.

गोड्या मसाल्यासाठी दगडफूल रानातून खरवडून आणतात आणि एकाच पोत्यात अनेक जाती मिसळलेल्या असतात. विक्रीच्या वजनावरून कोणती जाती किती घटली हे कळत नाही. अशी शैवाके वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. खरवडलेली साल भरायला वर्षे जातात. म्हणून जातवार ओळख आणि ठरावीक झाडांवरची नियमित मोजणी ही दगडफुलाच्या रक्षणाची पहिली पायरी आहे.