पुन्हा चालवून पाहण्याविषयी

जी चूक रोज होते ती लवकर सापडते. जी अधूनमधून होते तिच्याशी माणसे जुळवून घेतात. जुन्या पोथ्यांच्या नकलांत हा अनुभव आम्हांला नवा नव्हता. संगणकाच्या आज्ञावलीतही तो यावा, ह्याची मात्र गंमत वाटली.

आमच्या मराठी विभागासाठी बखरींतील शब्दांची सूची करणारी एक आज्ञावली माजी विद्यार्थ्यांनी लिहून दिली आहे. तीत काही दुरुस्ती झाली की एक कोरा सर्व्हर ती नव्याने बांधतो. ह्याला ती मंडळी ‘बिल्ड’ म्हणतात. त्याआधी इतरांनी लिहून ठेवलेली तयार पॅकेजे ‘नुगेट’ ह्या साधनाने महाजालावरच्या कोठारांतून आणावी लागतात. ही ‘रिस्टोअर’ची पायरी कधी पार पडे, कधी कोसळे. “सर, पुन्हा एकदा चालवा, होऊन जाईल,” हे उत्तर ठरलेले. आणि खरोखरच होऊन जाई.

पुढे एका विद्यार्थिनीला प्रबंधासाठी सूची तातडीने हवी होती, नेमकी त्याच आठवड्यात पडझड वाढली. तिने सुचवलेल्या दुरुस्त्यांमुळेच हे होते, असे बोलले जाऊ लागले. हा आरोप पुराव्यावाचून मान्य करणे आम्हांला शक्य नव्हते.

मग आम्ही आमचेच शास्त्र वापरले. कोसळलेल्या अकरा खेपांच्या नोंदी पाठभेदांसारख्या शेजारीशेजारी मांडल्या. अडलेले पॅकेज दर वेळी निराळे होते. त्यांतल्या चार खेपा तर तिच्या दुरुस्त्यांपूर्वीच्याच. सर्वत्र समान होते ते एक दुय्यम कोठार. केवळ एका जुन्या पॅकेजासाठी त्याचा पत्ता यादीत राहिला होता. परंतु कोणते पॅकेज कोठून घ्यावे हे बांधून दिले नसेल, तर नुगेट इतर पॅकेजांची चौकशीही त्या कोठाराकडे करते. त्याने वेळेत उत्तर दिले नाही की सारेच काम थांबू शकते. माजी विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या संगणकांवर पॅकेजे आधीच साठवलेली असल्याने तेथे हा दोष दिसतच नसे.

उपाय साधा निघाला. पॅकेज आणि कोठार ह्यांची जोडी ठरवून देण्याची सोय नुगेटमध्ये २०२१ पासून आहे, ती वापरली. शिवाय ‘लॉक फाइल’ ठेवली. तीत प्रत्येक पॅकेजाची नेमकी आवृत्ती आणि त्याच्या आशयाची अंकमुद्रा नोंदलेली असते. सक्तीच्या रीतीने चालवल्यास यादीबाहेरचे काही आले की काम तेथेच थांबते. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्यामागची निकड आम्हांला ह्या निमित्ताने पुन्हा आठवली.

पुन्हा चालवून पाहण्याला आमचा विरोध नाही; दूरच्या यंत्राशी बोलताना ते आवश्यकच असते. आक्षेप आहे तो नोंद न ठेवता पुन्हा चालवण्याला. महाभारताच्या पुण्यातील चिकित्सक आवृत्तीने संहिता निश्चित केली, पण न स्वीकारलेले पाठही पानाच्या तळाशी जपले. म्हणून पुढच्या वाचकाला संपादकाचा निर्णय तपासता येतो. यशस्वी बिल्डखाली आधीची अपयशे पुसली गेली असती, तर त्या विद्यार्थिनीवरचा आळ दूर करायला आमच्या हाती काहीच उरले नसते.