मोजायचे कोठून?

गेल्या पावसाळ्यात धारवाडहून हुबळीस परतताना माझी जुनी मोटार एका खड्ड्यात जोरात आपटली. तेव्हापासून तिला डावीकडची ओढ लागली. एका कारागिराने चाकावरच्या पत्र्यापासून चाकापर्यंतचे अंतर मोजून चाके जुळवून दिली. ओढ मात्र कायम राहिली.

अखेर जानेवारीत एका वृद्ध मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी प्रथम चाकांना हातही लावला नाही. सपाट फरशीवर गाडी उभी केली, टायरांतील हवा सारखी केली, गाडी दोनचार वेळा दाबून स्प्रिंगा स्थिर होऊ दिल्या. मग सांगाड्यावरच्या शाबूत भोकांतून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा केल्या व त्यांवरून मध्यरेषा आखली. पुढच्या चाकांना धरणारे दांडे सांगाड्यास जेथे जोडलेले असतात, त्या सांध्यांखालीही खुणा केल्या. कर्ण मोजताच दोष उघडा पडला. डावा सांधा आठ मिलिमीटर मागे सरकला होता! ज्या तिरक्या आसाभोवती चाक वळते, त्याचा कल त्यामुळे डावीकडे कमी झाला होता. आणि गाडी कमी कलाच्या बाजूस ओढ घेते.

"मास्तर, तो पत्राच वाकलेला होता," मेस्त्री म्हणाले. "आधी शाबूत काय ते शोधावे, मग मोजावे."

मोटारीचा आराखडाही असाच सुरू होतो. एक उभी पातळी गाडीच्या मध्यातून लांबीने, दुसरी बहुधा पुढच्या आसातून आडवी, तिसरी जमिनीस समांतर. या तीन काल्पनिक पातळ्यांपासूनच प्रत्येक सांध्याचे स्थान तीन आकड्यांत सांगतात. टाटा मोटर्सने २००६ साली ब्राझीलच्या मार्कोपोलो कंपनीशी भागीदारी केली व पुढे धारवाडला बसगाड्यांचा कारखाना उभा राहिला. तेथली बस रस्त्यात दिसली, की आता मला तिच्या रंगाआधी तिच्या पोटाखालचे हे न दिसणारे बिंदू आठवतात.

त्या रात्री आठवीच्या वह्या तपासताना मात्र माझा हात थबकला. एका कानडीभाषक मुलाच्या वडिलांना, "याला मराठी झेपत नाही, शाळा बदला," असे मी सांगून बसलो होतो. त्याचे मराठी मी मोजले होते पुस्तकी मराठीपासून. आणि ते तर माझ्याही घरी कोणी बोलत नाही, आमची घरची भाषा कोंकणी! मी त्याच्या वहीचे जूनमधले पहिले पान उघडून जानेवारीच्या पानाशेजारी धरले. केवढी मजल मारली होती पोराने!

दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांची गाठ घेऊन मी माझे शब्द परत घेतले. मुलगा शाळेतच राहिला.

मोटार आता सरळ धावते. तपासणीस बसताना लाल पेन्सिलीआधी मी जूनचे पान उघडतो.