भंगारातलं कॉकपिट

"पढो, नहीं तो गॅरेज में पाने पकडोगे!"

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन, त्याचा हिशेब नाही. आणि बोलणारा कोण? ज्याचे अब्बा आयुष्यभर गॅरेजमध्ये फिटर होते आणि ज्याचं बी.एड. त्यांच्या पान्याच्या कमाईवर झालं, तो. लहानपणी पालकसभेला अब्बा आले की मी त्यांच्या नखांकडे बघायचो. रॉकेलनं घासूनही काळी रेघ जायची नाही. बाकावर बसल्यावर ते हात मांडीखाली घ्यायचे. माझ्यासाठी घ्यायचे, हे मला फार उशिरा कळलं.

तीन वर्षांपूर्वी नववीची सहल रणगाडा संग्रहालयात नेली. आपल्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण बोलताना तोंडात नगरच येतं. लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं 1994 साली इथं हे संग्रहालय उभारलं. दुसऱ्या महायुद्धातले व्हॅलेंटाइन, चर्चिल, 1965 च्या लढाईत हाती लागलेले पॅटन, असं सगळं रांगेनं उभं आहे. मुलं तोफेपुढे फोटो काढण्यात दंग होती. एक मुलगा मात्र चालकाच्या झडपेपाशी वाकला होता. "सर, अंदर बैठनेवाले को दिखता क्या? किस के भरोसे चलाता?" हा गॅरेजवाल्याचा मुलगा, परीक्षेत जेमतेम पास होणारा.

परतताना त्याला लिबरेटर विमानांची गोष्ट सांगितली. ही अमेरिकन बनावटीची चार इंजिनांची बॉम्बफेकी विमानं ब्रिटिशांनी युद्धापुरती उसनी घेतली होती. युद्ध संपल्यावर अमेरिकेला ती परत नको होती आणि दुसऱ्या कुणाच्या कामी येऊ द्यायची नव्हती. म्हणून कानपूरला त्यांची मोडतोड करून ती तशीच टाकून दिली. स्वतंत्र भारताला तेव्हा बॉम्बफेकी विमानं हवी होती. मग हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची माणसं त्या ढिगाऱ्यात उतरली. एकाची चाकं दुसऱ्याला, दुसऱ्याचे काटे तिसऱ्याला, असं करत विमान उडण्यापुरतं उभं करायचं आणि कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ते बंगळूरला उडवत न्यायचं. तिथं नीट दुरुस्ती. अशी चाळीसच्या आसपास विमानं झाली. नोव्हेंबर 1948 मध्ये त्यांची पहिली तुकडी उभी राहिली. पुढे ही विमानं आपल्या शेजारी पुण्यातही होती, समुद्रावर टेहळणीला जायची. 1968 च्या अखेरपर्यंत चालली. त्यातलंच एक पुढे अमेरिकेत गेलं, तिथल्या हौशी लोकांनी कॉकपिटपासून शेपटीपर्यंत नव्यानं सजवलं आणि 1989 मध्ये पुन्हा उडवलं.

मुलानं विचारलं, "जोडनेवालों के नाम क्या थे?" माझ्याकडे मुन्शी सोडून एकही नाव नव्हतं.

आठवड्यानं तो वर्गात पोतं घेऊन आला. ट्रकचा ऑइल प्रेशर मीटर, ट्रॅक्टरचा तापमानाचा काटा, दोन स्पीडोमीटर. "सर, कॉकपिट बनाते." विज्ञान प्रदर्शनाला महिना होता. (बी.एड.ला 'कृतीतून शिक्षण' यावर मी गाइडमधून सोळा पानं लिहिली होती. मार्क चांगले पडले.) शाळा सुटल्यावर पाच-सहा पोरं थांबू लागली. दर शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर एकाचे सुतार मामा येऊन प्लायवूड कापून द्यायचे. दोन वैमानिक शेजारी शेजारी बसतात, म्हणून जागा दोन. इंजिनं चार, म्हणून थ्रॉटलचे दांडे चार. ते जुन्या स्कूटरच्या किकचे केले. ट्रकच्या मीटरवर आम्ही हसलो, पण मुलाचे वडील म्हणाले, "तेल का दबाव तो तेल का दबाव है सर, ट्रक हो या जहाज." त्यांनी पंप जोडून काटा खरोखर हलवून दाखवला. ते बोलत असताना माझी नजर त्यांच्या नखांवर गेली आणि मीच ओशाळलो.

प्रदर्शनात बक्षीस मिळालं नाही. एका परीक्षकांनी विचारलं, "यात विज्ञान काय? हे तर भंगार आहे." मुलानं बरणीच्या तोंडावर ताणलेला फुगा दाखवला. "उपर जाते तो हवा पतली होती. बाहर का दबाव कम होता, तो बंद डबी फुलती. डबी फुलती तो काटा हिलता. काटा बोलता, कितने उपर आए." उंची दाखवणाऱ्या यंत्राचं यापेक्षा सोपं वर्णन मी पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही. मी ते मराठीत सांगायला पुढे झालो, तोवर परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेले होते.

जूनमध्ये तो दहावीला आला नाही. वडिलांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं, घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. मी दोनदा घरी गेलो. त्याच्या अम्मीनं चहा दिला. "सर, आपही तो बोलते थे..." एवढं म्हणून त्या थांबल्या. पुढचं वाक्य मला पाठ होतं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं, हे समजावून मी निघालो.

यंदा त्यानं तो फॉर्म भरला. गणित राहिलंय. मार्चमध्ये माझ्या स्कूटरची अॅक्सिलरेटरची वायर तुटली, तेव्हा त्याच्याकडेच नेली. वायर ओवता ओवता मान वर न करता त्यानं विचारलं,

"सर, चौथा लिव्हर ढीला था. टाइट किया क्या?"

कॉकपिट प्रयोगशाळेत तुटक्या बाकांमागे उभं आहे, तसंच. मी नाही म्हणालो. त्यानं पेटीतून दहाचा पाना काढला, फडक्याला पुसला आणि माझ्या हातात ठेवला.